कॉलेजमधले ज्यू सण : नियोजनाचा एक पाठ



मूल शिकायला बाहेरगावी गेलं की हॉस्टेलवरचा पहिला सण त्याला जड जातो, हे आपण सगळेच जाणतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या ज्यू मुलांचंही तसंच होतं. त्यांची संख्या थोडी आणि सणाला बहुतेक ठिकाणी सुट्टी नाही. यावर उपाय म्हणून १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात 'हिलेल' ही संस्था सुरू झाली. आज ती अनेक देशांतल्या कॉलेजांत काम करते. तिथे सणाची तयारी कशी होते, ते आज पाहूया.

१) आधी कॅलेंडर

ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्र-सूर्य दोघांवर चालतं. १९ वर्षांत ७ वेळा त्यात अधिक महिना येतो. त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात. नववर्ष म्हणजे रोश हशाना २०२४ मध्ये २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू झालं, तर २०२५ मध्ये २२ सप्टेंबरच्या. हो, संध्याकाळीच! कारण ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

मोठ्या सणांना धर्म पाळणारी मुलं लिहीत नाहीत, लॅपटॉपही उघडत नाहीत. मग त्या दिवशी पेपर असला तर? म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना तारखा लेखी कळवून पर्यायी दिवस मागायचा असतो. आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही.

२) मग स्वयंपाकघर

कोशर नियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. वल्हांडणाच्या (पेसाख) आठ दिवसांत तर पाव, केक, बिस्किटं सगळं बंद. खायची ती मत्सा, म्हणजे बेखमीर भाकरी. मेसला हे वेळेवर सांगितलं नाही, तर मुलाला आठवडाभर फळांवर दिवस काढावे लागतील.

३) जागा आणि परवानगी

सुक्कोत सणाला मोकळ्या जागेत मांडव घालून त्यात जेवतात. वर फांद्या टाकतात, पण त्यातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. कॉलेजच्या हिरवळीवर मांडव घालायचा, तर परवानगी आधी हवी. हनुक्काला आठ रात्री मेणबत्त्या लावतात, पण हॉस्टेलच्या खोलीत आग चालत नाही. म्हणून सगळे मिळून हॉलमध्ये लावतात. हे दिवस बऱ्याचदा परीक्षेच्या आसपास येतात. तरी अर्ध्या तासाचा कार्यक्रम कुणालाही जमतो.

४) काम मुलांच्याच हाती

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. वल्हांडणाच्या सेदेर जेवणात घरातलं सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारतं आणि त्यांच्या उत्तरातून इजिप्तमधल्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा उलगडते. कॉलेजात लहान मूल कुठून आणणार? मग हा मान पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला देता येतो. घरापासून सर्वांत ताजा दुरावलेला तोच, नाही का? कुणी वाढतं, कुणी वाचतं, कुणी दुसऱ्या धर्माच्या मित्राला सोबत आणतं. नुसतं ताट पुढे आलं तर तो पाहुणा. काम मिळालं की तो घरचा.

आपल्यासाठी काय?

हा विषय आपल्याला परका नाही बरं. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले. सेदेरला वाचायचं 'हागादा' पुस्तक १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं.

आपल्याही वर्गात एखादं मूल असं असतं, ज्याचा सण शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत नसतो. ते स्वतःहून बोलत नाही. गुपचूप पेपर देतं किंवा गुपचूप गैरहजर राहतं. तेव्हा शिक्षकहो, जूनमध्येच प्रत्येक मुलाला विचारा, "तुझ्या घरचा मोठा सण कोणता?" ती तारीख वर्गाच्या कॅलेंडरवर लिहा आणि चाचणीचं वेळापत्रक त्यानंतर ठरवा. पालकहो, तुम्हीही संकोच न करता शाळेला आधी कळवा. सण की परीक्षा, ही निवड करायची वेळ कुठल्याच मुलावर येऊ नये.