डोळ्यांवांचून ध्वनिसंपादन : योग्य सॉफ्टवेअरची निवड

बालकवि त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांचा जन्म १८९० सालीं आपल्या ह्याच धरणगांवीं झाला, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. ह्या वर्षीं वरच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं त्यांच्या कविता मोठ्यानें वाचून ध्वनिमुद्रित करण्याचें व तीं मुद्रणें अंध श्रोत्यांकडे पोंचविण्याचें काम हातीं घेतलें. बालकवि १९१८ सालीं निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याच्या लेखनावरील हक्क संपतो, त्यामुळें कोणाची परवानगी मागण्याचें कारण पडलें नाहीं. वाचणारे पुष्कळ मिळाले. परंतु मुद्रण झालें म्हणजे काम संपलें असें नव्हे. अडखळलेला शब्द काढून टाकावा लागतो, दोन कडव्यांमधील लांबलेली शांतता आंखडावी लागते, खोकला, बाकाची करकर, पंख्याची घरघर हीं सर्व वगळावीं लागतात. ह्यास ध्वनिसंपादन म्हणतात. हें काम कोण करील असें विचारतांच नववींतील एका विद्यार्थ्यानें हात वर केला. त्यास जन्मापासून दिसत नाहीं.

आम्हीं मोठ्या हौसेनें एक ध्वनिसंपादनाचें सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर घातलें. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण दोष त्याचा थोडा व आमचा फार होता. काळ्या पडद्यावर हिरव्या लाटा नाचत होत्या, खालीं खऱ्या यंत्रासारख्या गोल चकत्या होत्या. आम्हांस तें फार आवडलें. विद्यार्थी त्यापुढें बसला. संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा प्रोग्राम, चालू होता. मुलानें टॅबची कळ दाबली, आवाज आला, "बटन." पुन्हां दाबली, "बटन." तिसऱ्यांदा कांहींच आलें नाहीं.

"सर, हें बोलतच नाहीं," तो म्हणाला.

पंधरा दिवस हाच प्रकार चालला. शेवटीं आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून सांगितलें कीं, हें काम डोळसांचें आहे. मुलानें कविता वाचाव्या, कापाकापी दुसरे करतील. वडिलांनीं मान डोलाविली व मुलाकडे पाहिलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तें आमचें म्हणणें चुकीचें होतें, आणि ज्या पालकांच्या कानांवर तें गेलें असेल त्यांच्यासाठीं आम्ही तें येथें परत घेतों.

चूक कोठें झाली तें नीट पाहूं. पडद्यावरील प्रत्येक बटनास, चौकटीस व यादीस प्रोग्राम लिहिणाऱ्यानें आंतून एक नांव द्यावयाचें असतें. तें नांव विंडोजच्या मार्फत स्क्रीन रीडरकडे पोंचतें व तो तें उच्चारतो. नांव दिलेंच नसेल तर तो बिचारा "बटन" एवढेंच म्हणणार. कांहीं सॉफ्टवेअर तर आपला सारा पडदा स्वतःच रंगवितात. तेथें बटन आहे हेंहि स्क्रीन रीडरला कळत नाहीं. आणि ध्वनीची लाट ही तर मुळांतच चित्र. डोळस संपादक लाटेचा उंचवटा पाहून माउस तेथें नेतो; अंध संपादकास त्या चित्राचा कांहींच उपयोग नाहीं. खोकला त्यास ऐकूं येतोच, आणि बहुधा आपल्यापेक्षां आधीं येतो. तो खोकला कितव्या मिनिटाच्या कितव्या सेकंदावर आहे तें आंकड्यांत ऐकूं यावें, आणि तेथें परत येतां यावें म्हणून एक कळ दाबून खूण ठेवतां यावी, एवढें त्यास लागतें. तें ज्यांत आहे तें सॉफ्टवेअर त्याच्या कामाचें. चकत्या फिरोत अथवा न फिरोत.

म्हणून निवड करण्यापूर्वीं पालकांनीं व शिक्षकांनीं एक प्रयोग स्वतः करून पाहावा. माउस काढून ठेवावा. एनव्हीडीए ह्या स्क्रीन रीडरमध्यें पडदा काळा करण्याची सोय आहे, ती चालू करावी. मग एक मिनिटभर आवाज मुद्रित करून, त्यांतील एक शब्द कापून, उरलेलें साठवून दाखवावें. आम्हीं हा प्रयोग एका शनिवारीं केला. पहिलीं दहा मिनिटें आपण पडद्यावर कोठें आहों हेंच आम्हांस कळेना. विद्यार्थी शेजारीं बसून हंसत होता, व त्याचें हंसणें योग्यच होतें. ह्या प्रयोगांत पाहावयाचें तें हें कीं, प्रत्येक आज्ञेस की-बोर्डवर वाट आहे कीं नाहीं, आणि नसल्यास ती आपली आपण ठरवितां येते कीं नाहीं. एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर गेल्यास त्याचें नांव ऐकूं येतें कीं नाहीं. निवडलेल्या भागाचा आरंभ व शेवट आंकडे टाइप करून देतां येतो कीं नाहीं. आणि कापण्यापूर्वीं, कापल्यानंतर कसें वाटेल तें ऐकतां येतें कीं नाहीं. ही शेवटची गोष्ट आम्हांस सुचली नव्हती. ती विद्यार्थ्यानें सांगितली.

येथें स्क्रीन रीडरविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण सॉफ्टवेअरची पारख त्याच्याशीं जोडूनच करावी लागते. जॉज ह्या प्रसिद्ध स्क्रीन रीडरचे जनक टेड हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ. १९७८ सालीं एका अपघातांत त्यांची दृष्टि गेली. विंडोजवर चालणारा जॉज १९९५ सालीं आला. तो उत्तम आहे, परंतु त्याची किंमत आपल्याकडील बहुतेक घरांस झेपणारी नाहीं. एनव्हीडीए मात्र फुकट मिळतो. तो २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत मायकेल करन व जेम्स टे ह्या दोन अंध तरुणांनीं आरंभिला. त्या दोघांची ओळख लहानपणीं अंध मुलांच्या एका संगीत-शिबिरांत झाली होती. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा यांत्रिक आवाज मराठी मजकूरहि वाचतो. उच्चार गोड नाहींत, पण मुलांचे कान त्यास लवकर सरावतात, व पुढें तीं इतक्या वेगानें ऐकूं लागतात कीं शेजारीं बसलेल्या आम्हांस एक अक्षर कळूं नये. एखादें सॉफ्टवेअर अंधांस सुलभ आहे असें कोणीं सांगितल्यास तेवढ्यावर न थांबतां, आपल्या मुलाच्या स्क्रीन रीडरबरोबर तें बोलतें कीं नाहीं हें विचारावें.

आमच्या कसोटीस ऑडॅसिटी उतरली. १९९९ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग ह्यांनीं तिचा आरंभ केला व २००० सालीं ती लोकांस खुली झाली. २०२१ पासून ती म्यूझ ग्रुप ह्या कंपनीकडे आहे, तथापि विनामूल्यच मिळते. आमचा विद्यार्थी तिच्या तिसऱ्या मालिकेंतील आवृत्ति वापरतो. त्याचें काम कसें चालतें तें सविस्तर सांगतों.

आर दाबला कीं मुद्रण सुरू, स्पेसबार दाबला कीं बंद. मग आरंभापासून एकदां सबंध ऐकावयाचें. ऐकतां ऐकतां वाचणारा कोठें अडखळला कीं कंट्रोल धरून एम दाबावा. आवाज न थांबतां तेथें लेबल पडतें व त्यांत "खोकला" किंवा "ओळ दोनदां" असें टिपून ठेवतां येतें. दुसऱ्या फेरींत त्या खुणेच्या थोडें आधींपासून ऐकूं लागावें. चूक सुरू होतांच डावा चौकोनी कंस दाबावा, ती संपतांच उजवा. तेवढा भाग निवडला जातो. आतां आवाज थांबवून सी दाबावा. ऑडॅसिटी निवडलेला भाग वगळून त्याच्या आगेमागेचें ऐकविते, म्हणजे कापल्यावर जोड कसा लागेल तें कापण्यापूर्वींच कानीं येतें. जोड खटकला तर निवडीची कड किंचित् सरकवावी व पुन्हां सी दाबावा. पसंत पडला कीं डिलीट. चुकलें तर कंट्रोल व झेड दाबून पूर्ववत् करावें. आमचा विद्यार्थी एका कडव्यासाठीं सात-आठ वेळां सी दाबतो. कवितेंत श्वासाची जागा कापली गेली तर चाल मोडते, असें त्याचें म्हणणें. आम्हीं दोन्ही प्रकारें ऐकून पाहिलें. तें खरें आहे.

ऑडॅसिटींत अडचणी नाहींत असें नाहीं. लेबलाची चौकट उघडी नसतांना टाइप करूं लागल्यास एकेक अक्षर म्हणजे एकेक आज्ञा होऊन बसते. एकदां असाच आर पडला व अर्ध्या तासाच्या गप्पा मुद्रित झाल्या. त्यांत आमच्याविषयींहि कांहीं मजकूर होता, तो आम्हीं ऐकला नाहीं असें दाखविलें. स्क्रीन रीडर स्पीकरमधून बोलत असेल तर त्याचा आवाज मायक्रोफोनमध्यें शिरतो आणि कवितेच्या ओळींत संगणकाची बडबड मिसळते. म्हणून हेडफोन लावल्यावांचून मुद्रण करूं नये. घरघर काढण्याची नॉइज रिडक्शन ही सोय दोन टप्प्यांची आहे. प्रथम केवळ घरघरीचा तुकडा निवडून तिचा नमुना द्यावा लागतो, नंतर सर्व मुद्रण निवडून तीच आज्ञा पुन्हां द्यावी लागते. तिचा अतिरेक केल्यास वाचणारा विहिरीच्या तळाशीं बसून बोलतो आहे असें वाटतें. त्यापेक्षां मुद्रणाच्या वेळीं पंखा बंद करून घाम पुसावा हें बरें. आपल्याकडे वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं. अकस्मात् बंद पडलेलें काम परत आणून देऊं का, असें ऑडॅसिटी पुढील वेळीं विचारते. पण त्या भरंवशावर न राहतां प्रत्येक कडव्यास कंट्रोल व एस दाबण्याची संवय लावावी. आणखी एक सूचना: नवी आवृत्ति निघाली म्हणून जुनी लगेच काढून टाकूं नये. मांडणी बदलली कीं कालपर्यंत बोलणारीं बटनें मुकीं होण्याचा संभव असतो.

पेटी, तबला व अनेकांचे आवाज एकत्र बांधावयाचे असल्यास रीपर हें सॉफ्टवेअर अधिक समर्थ आहे. तें एकटें असतां स्क्रीन रीडरशीं फारसें बोलत नाहीं. त्यांत ओसारा हें फुकट मिळणारें जोडसाधन घालावें लागतें. ओसाराचा आरंभहि त्याच जेम्स टे ह्यांनीं केला. तें घातल्यावर एफ १२ दाबून शिकाऊ मदत चालू केली कीं प्रत्येक कळ काय करते तें, तें काम न करतां, ऐकूं येतें. रीपर साठ दिवस परीक्षेसाठीं मोफत आहे; पुढें एका व्यक्तीसाठीं साठ डॉलरचा सवलतीचा परवाना आहे. तें शिकण्यास जड आहे. पहिल्या वर्षीं त्याचा आग्रह आम्ही धरणार नाहीं, परंतु ज्यास ह्या कामावर पोट भरावयाचें आहे त्यानें आज ना उद्यां तिकडे वळावें.

मोबाइलवरच हें कां होऊं नये, असें कांहीं पालक विचारतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे व तो चांगला आहे. पण मोबाइलवरील पुष्कळ संपादन-ॲप्समध्यें बटनांस नांवेंच नसतात, व बोटानें लाट ओढून कापावयाचें असतें. मुद्रणापुरता मोबाइल पुरे.

१९०० सालीं मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनीं अंध मुलांसाठीं शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच. त्या काळच्या अंधशाळांतून मुलांच्या हातीं वेत आला व खुर्च्या विणणें हा अंधांचा धंदा ठरून गेला. वेतकाम वाईट नव्हे. परंतु अंध मुलास काय साधेल हें डोळसांनींच ठरवावें, व तेवढेंच त्यास शिकवावें, ही जी खोड त्यांत होती ती शंभर वर्षांनंतर आमच्यांतहि निघाली.

गेल्या महिन्यांत आम्हीं त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस पुन्हां बोलाविलें व एक संपादित कविता ऐकविली. त्यांनीं ती दोनदां ऐकली.

"ह्यांत कापलें आहे तें कोठें?" त्यांनीं विचारलें.

"आबा, तें कळूं नये म्हणून तर सकाळपासून बसलों आहें," मुलगा म्हणाला.

अकरा कविता तयार झाल्या आहेत. पुढें श्यामची आई घेण्याचा विचार आहे. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तल्यामुळें त्या पुस्तकासहि आतां परवानगी लागत नाहीं. ज्यांस वाचावयाचें किंवा संपादन शिकावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं दुपारीं संगणकाच्या खोलींत यावें. शिकविणारा तोच विद्यार्थी आहे. येतांना आपापला हेडफोन आणावा.