डिझेल गाडी की पेट्रोल? आधी रोजचे किलोमीटर मोजा

व्यापारी बंधूंनो, मालवाहू गाडी घेताना ‘डिझेल स्वस्त पडते’ एवढे ऐकून सौदा करू नका. २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने खुले केले. तेव्हापासून दोन्हींतील पूर्वीचा मोठा फरक राहिलेला नाही.

डिझेल इंजिनाचे अ‍ॅव्हरेज जास्त व ओढ दमदार. भरल्या गाडीने अजिंठ्याचा घाट चढताना ती कामी येते. मात्र गाडी महाग आणि दुरुस्तीही खर्चिक. पेट्रोल गाडी स्वस्त, दुरुस्ती सोपी; पण ओझे वाढले की इंधन जास्त पिते.

आता हिशेब पाहा. समजा, पेट्रोल १०५ रुपये लिटर व अ‍ॅव्हरेज १५. म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. डिझेल ९० रुपये व अ‍ॅव्हरेज २०. म्हणजे साडेचार रुपये. बचत अडीच रुपये. डिझेल गाडीला एक लाख जादा मोजले, तर ते ४०,००० किलोमीटरनंतर वसूल होतात. वर्षाचे ३०० दिवस धरा. सोयगावहून जळगाव किंवा सिल्लोडच्या बाजारासाठी रोज १०० किलोमीटर धावणारी गाडी हे पैसे १६ महिन्यांत फेडते. गावातच २५ किलोमीटर फिरणारीला पाच वर्षांहून अधिक लागतात. हप्त्यांवर गाडी घेतली, तर मुदत आणखी लांबते.

दुसरी गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांत सहसा काजळी अडवणारी जाळी असते. सतत छोट्या फेऱ्या मारल्यास ती तुंबते व खर्च काढते.

म्हणून लांबचा, जड माल असेल तर डिझेल; गावातली हलकी पोहोच असेल तर पेट्रोल. दोन गाड्या ठेवणाऱ्याने एकेक ठेवावी. सौद्याआधी महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहा.