जपानची चित्रे आणि पिंगुळीची चित्रकथी

जपान हा बेटांचा देश आहे. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे साडेदहा वाजलेले असतात. तिथली चित्रकला जगात नावाजलेली आहे.

जुन्या काळी जपानी चित्रकार कागदाच्या लांबच लांब गुंडाळीवर गोष्ट रंगवीत. ती उजवीकडून डावीकडे थोडी थोडी उलगडायची. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या एका गुंडाळीत ससा आणि बेडूक चक्क कुस्ती खेळतात!

होकुसाई नावाच्या चित्रकाराने १८३१ च्या सुमारास मोठ्या लाटेचे चित्र केले. तेव्हा तो सत्तरीचा होता. हे चित्र लाकडी ठशांनी छापत, म्हणून त्याच्या पुष्कळ प्रती निघाल्या. लाटेखाली तीन होड्या आहेत आणि माणसे होडीला घट्ट धरून आहेत. मालवणच्या दर्यात जाणाऱ्यांना हे चित्र लगेच कळेल. पुढे १९८० पासून सुगिमोतो या फोटोग्राफरने समुद्राचे काळेपांढरे फोटो काढले. त्यांत होडी नाही, माणूस नाही. वर आकाश आणि खाली पाणी, बस्स.

मला सर्वांत आवडले ते 'कामिशिबाई', म्हणजे कागदाचे नाटक. १९३० च्या सुमारास तिथे गोष्ट सांगणारा माणूस सायकलवरून गल्लीत येई. मुलांना गोळ्या विकी आणि लाकडी चौकटीतले एकेक चित्र सरकवीत गोष्ट सांगे. १९५३ साली जपानात टीव्ही आला आणि हळूहळू हे सायकलवाले कमी झाले. पण तिथल्या शाळांत आणि वाचनालयांत कामिशिबाई अजून दाखवतात.

अशीच कला आपल्या जिल्ह्यात आहे. कुडाळ तालुक्यात पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलाकार रामायण-महाभारतातली चित्रे एकेक करून पुढे धरतात आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गातात. तिला चित्रकथी म्हणतात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. पूर्वी रंग झाडपाला आणि माती यांपासून करीत. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला. श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागी या कलेचे संग्रहालय केले. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

पप्पांनी मला तिथे नेले होते. त्यांनी मोबाईलवर चित्रांचे फोटो काढले. घरी आजीला दाखवले तर ती म्हणाली, "चित्रां बरी आसत रे, पण काणी कोण सांगतलो?"

आजीचे खरे आहे. फोटोमुळे जुना कागद फाटला तरी चित्र राहील. पण कथा गायला माणूसच लागतो, आणि तो कुणीतरी शिकून तयार व्हावा लागतो. आता चित्रकथी गाणारी घरे थोडीच आहेत. जपानने कागदाचे नाटक शाळेत आणले, तशी आपणही चित्रकथी शाळेत आणूया.

पालकांनो, तुम्हांला जुनी काणी येत असेल तर वर्गात येऊन सांगा. चित्रे आम्ही काढू.