करपावती म्हणजे परवानगी नव्हे

पुण्यात आम्ही जुनं रो-हाउस घेतलं, तेव्हा मागच्या अंगाला आधीच्या मालकांनी काढलेली एक खोली होती. घरपट्टीत तिची नोंद होती, त्यामुळे ती कायदेशीरच आहे, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. पुढे नोटीस आली ती आमच्या नावावर. मंजूर नकाशात त्या जागी मोकळी जागा होती. चटईक्षेत्र शिल्लक होतं, पण हद्दीपासून सोडायचं सामासिक अंतर राहत नव्हतं. खोली पाडावी लागली आणि खर्चही आम्हीच सोसला.

म्हणून सांगावंसं वाटतं, की घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार बेकायदा बांधकामावर शास्ती लागते, मात्र ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2024 मध्ये बजावलं, की बांधकामाला किती वर्षं झाली किंवा त्यात किती पैसा घातला, यावरून ते वैध ठरत नाही.

मग परवानगी कशाला लागते? रंग, गिलावा, फरशी, आहे त्याच जागी दार-खिडकी बदलणं, याला सहसा लागत नाही. 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 43 मध्ये निव्वळ आतल्या कामांना सूट आहे. पण गच्चीवर खोली, वाढीव मजला, बाहेरून जिना, बाल्कनी खोलीत घेणं, याला परवानगी हवीच. याचे तपशील विकास नियंत्रण नियमावलीत असतात: मुंबईला ‘डीसीपीआर 2034’ आहे, तर राज्याच्या बहुतेक भागाला 2020 ची एकत्रिकृत नियमावली. आपल्या गावाला कोणती लागू आहे, ते आधी विचारा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आतल्या कामाची सूट जपून वापरावी. भिंत, तुळई किंवा खांब यांना हात लावण्याआधी सोसायटीची लेखी संमती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. घाटकोपरला 25 जुलै 2017 रोजी इमारत कोसळून 17 जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांब तोडल्याचा आरोप झाला. आपल्या भिंतीवर वरच्यांचंही घर उभं असतं.

काम काढायचं असेल, तर आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मिळवा. घरात नसेल, तर माहितीच्या अधिकारात मागा. मग परवानाधारक आर्किटेक्टकडून चटईक्षेत्र आणि सामासिक अंतर तपासून घ्या. नगररचना अधिनियमाच्या कलम 44 खाली अर्ज करा आणि प्रारंभ प्रमाणपत्र हातात पडल्यावरच गवंडी बोलवा. ते एक वर्षाचं असतं, काम रेंगाळलं तर वेळेत नूतनीकरण करा. काम संपल्यावर वाढीव भागाचं भोगवटा प्रमाणपत्र न विसरता घ्या.

वाढीव बांधकामासह घर विकत घेत असाल, तर नकाशा हातात धरून एकेक खोली मोजा. जी नकाशात नाही, तिच्या परवानगीचा कागद व्यवहाराआधी मागा. नोटीस आलीच, तर ती बाजूला ठेवू नका. मुदतीत अर्ज केला, तर नियमात बसणारं बांधकाम कायम ठेवण्याची मागणी करता येते. मुदत टळली, की हा मार्गही बंद होतो.