लहान डिस्कवर दप्तराची पुनःस्थापना
प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास केंद्र शासनाने २०२२ साली मंजुरी दिली. पेण, रोहे यांसारख्या तालुक्यांतील संस्थांच्या सचिवांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १००० जीबी डिस्कची संपूर्ण प्रत २४० जीबीच्या नव्या डिस्कवर पुष्कळदा उतरत नाही, आतील नोंदी ६० जीबीच असल्या तरी. खारेपाटातील घरात भात पायलीभरच उरले, तरी कणगी अरुंद दारातून जात नाही, तसेच हे होय. याकरिता प्रत प्रथम उसन्या मोठ्या डिस्कवर उतरवावी, तिचा विभाग २०० जीबीपर्यंत लहान करावा, मग नवी प्रत घेऊन ती लहान डिस्कवर चढवावी. २४० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २२३ च दाखविते. कर्जखतावणीतील शिल्लक ताडून पाहीपर्यंत मूळ प्रत पुसू नये.