सायकलची निगा, जिवाची काळजी

आपल्या वस्त्यांतून कितीतरी जण कामाला आणि शाळेला सायकलनेच जातात. ऐन वेळी ब्रेक लागला नाही तर हातपाय मोडतो, रोजी बुडते. म्हणून सायकलची निगा आपण आरोग्याचाच भाग मानू या.

उन्हाळ्यात चेनच्या तेलावर धूळ बसते. त्या काळ्या चिखलाने चेन झिजते. धुळीवरच तेल ओतू नये. आठवड्यातून एकदा चेन जुन्या फडक्याने पुसावी, प्रत्येक कडीवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, पायडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुसून घ्यावे. खाण्याचे तेल चिकट होते. ते वापरू नये. उन्हाने टायरचे रबर तडकते, म्हणून सायकल सावलीत ठेवावी.

पावसात रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो. म्हणून वेग कमी ठेवावा आणि थांबायच्या बरेच आधी ब्रेक हलके दाबावेत, म्हणजे रिमवरचे पाणी निघते. घरी आल्यावर चिखल साध्या पाण्याने धुवावा, सायकल कोरडी पुसावी आणि चेनला पुन्हा तेल द्यावे. रिमला किंवा ब्रेकच्या रबराला मात्र तेल लागू देऊ नये. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदलावे.

बुद्धांनी अप्रमाद, म्हणजे सदैव सावध राहणे, शिकवले. मुले शाळेला निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहू या. चाक फिरले, तर आधी दुरुस्ती, मग शाळा.