नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल

फुटबॉलच्या सामन्यात एकाच खेळाडूने तीन गोल केले, म्हणजे त्यास ‘हॅट्ट्रिक’ म्हणतात. ऑलिंपिकमध्ये हा पराक्रम करणारे पहिले आशियाई खेळाडू भारताचे नेव्हिल डिसोझा हे होत. आमची मातृभाषा कोंकणी असल्यामुळे या नावाविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटतो. परंतु त्यांची थोरवी आमच्या जिव्हाळ्यावर अवलंबून नाही.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात, आसगाव येथे झाला. जवळच्याच शिवोली गावी १८८३ साली फादर विल्यम लायन्स या पाद्र्यांनी गोमंतकीय मुलांस फुटबॉलची ओळख करून दिली होती. पुढे नेव्हिल मुंबईस टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळू लागले. विशेष हे की, ते भारताच्या वतीने ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा त्यांची जन्मभूमी पोर्तुगीजांच्या सत्तेखाली होती. ती १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये समर बॅनर्जी भारताचे कर्णधार, तर हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मार्गदर्शक होते. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ न उतरल्यामुळे भारतास न खेळताच पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटास नेव्हिलनी गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास त्यांनी दुसरा गोल केला. विश्रांतीपूर्वी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. परक्या मैदानावर दोनदा मिळवलेली आघाडी दोनदा हातची गेली, तर पुष्कळांचे धैर्य खचते. परंतु पन्नासाव्या मिनिटास नेव्हिलनी तिसरा गोल केला आणि ही आघाडी मात्र टिकली. अखेरीस कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांच्या गोलामुळे भारत ४-२ असा विजयी झाला.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिल यांचाच होता. आता पदक हाताशी आले, असे वाटत असतानाच अवघ्या पाच मिनिटांत प्रतिपक्षाने दोन गोल केले आणि भारत १-४ असा हरला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारत चौथा आला. चार गोल करून नेव्हिल मात्र युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह यांच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे ठरले.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये यापेक्षा वरचे स्थान भारतास पुन्हा लाभले नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर तर प्रवेशही मिळालेला नाही. नेव्हिल १९८० मध्ये निवर्तले. पदक न मिळाल्यामुळे त्यांची स्मृती काहीशी मागे पडली. विजेत्यांची नावे फलकांवर कोरली जातात. चौथ्याचे नाव जपण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे येते.

सोनकच्छच्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या मुलांनी या इतिहासाच्या दोन्ही बाजू अभ्यासाव्यात. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केल्यावर नेव्हिल थांबले नाहीत; युगोस्लाव्हियाविरुद्ध आघाडी मिळाल्यावर ती आपल्या संघास राखता आली नाही. प्रतिपक्षाचा गोल झाल्याबरोबर मान खाली घालून उभे न राहता चेंडू त्वरेने मध्यरेषेवर आणून ठेवावा, आणि आपला गोल झाल्यावर तर दुप्पट सावध व्हावे, एवढे जरी आपण या चार गोलांपासून घेतले, तरी नेव्हिल डिसोझा यांचे स्मरण सार्थ होईल.